दोरीच्या अलीकडचं रान

५ सप्टेंबर, सोमवार

आजपासून पुन्हा एप्रन. निवृत्तीनंतरची तीन वर्षं मी ताईशी रेडिओच्या आवाजावरून भांडण्यात घालवली. माझ्या या मोठ्या बहिणीला एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानानं ऐकायचं नसतं. तेव्हा बालवाडीत नर्स हवी असं कळल्यावर मी दुसऱ्याच दिवशी जाऊन उभी राहिले.

काम सोपं दिसतं. शाळेच्या मागे रान आहे, कुंपणापासून पार मोठ्या रस्त्यापर्यंत. चार-पाच वर्षांची अकरा मुलं रोज सकाळी तीन तास तिथं असतात. ऊन असो, पाऊस असो. वर्ग नाही, फळा नाही, बाकं नाहीत. ही कल्पना धाकट्या बाईंची, म्हणजे त्यांच्या शिक्षिकेची. वय पंचवीस, पायात चिखलाचे बूट. मुलांना खरचटलं तर बघायला त्यांच्यासोबत मी.

शाळेच्या प्रमुख, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी मला खोलीत बोलावलं. मी आत गेले तेव्हा टेबलावर भलामोठा नकाशा पसरलेला होता. तो त्यांनी शांतपणे गुंडाळून कपाटात ठेवला. बाई नीटनेटक्या आहेत. मला नीटनेटकी माणसं आवडतात.

म्हणाल्या, "सिस्टर, तुमची नजर पोलिसाची आहे असं ऐकलंय. मला ती हवीय. रानात जे खटकेल ते लिहून ठेवा आणि दर शुक्रवारी मला द्या. लोकांची मुलं आहेत, उद्या काही झालं तर जबाबदार आपण."

बरोबर आहे. त्यांच्यासाठी शुक्रवारचं टिपण आणि स्वतःसाठी ही वही.

९ सप्टेंबर, शुक्रवार

वॉर्डात मी पेशंटची नावं वहीत कधी लिहिली नाहीत, इथंही लिहिणार नाही. तरी ओळखायला काहीतरी हवं. एक आहे वकील: पाच वर्षांचा, प्रत्येक वाक्याला हरकत घेतो. एक शेपटी: वर्गातली सगळ्यात लहान, वकिलाच्या मागे मागे. आणि एक पाकीट. साडेचार वर्षांची मुलगी, वर्षभरात शाळेत एक शब्द बोललेली नाही. चिकटवून बंद केलेलं पाकीट. घरी बोलते म्हणे.

रानात एक दोरी बांधली आहे, तिच्या पलीकडे मुलांनी जायचं नाही. अलीकडे प्रत्येकानं आपापलं एक झाड निवडलंय. रोज साडेदहाला धाकट्या बाई टाळी वाजवतात आणि मुलं आपापल्या झाडापाशी जाऊन बसतात. दहा मिनिटं. कुणी कुणाशी बोलायचं नाही. आणि बाई काय करतात? पाठ करून उभ्या राहतात!

मी विचारलं, "बाई, मुलांकडे पाठ?"

"आपण बघत असलो की ती आपल्यासाठी बसतात," त्या हसून म्हणाल्या. "आपण बघत नसलो की झाडासाठी."

बोलणं छान आहे. छान बोलणाऱ्या माणसांबद्दल माझा अनुभव चांगला नाही. पाठ करणाऱ्याला काय बघायचं नसतं, हे शोधायला हवं.

डबा खाऊन झाल्यावर मी मुलांना पट्टी बांधायला शिकवली. रक्त आलं की स्वच्छ करायचं, दाबून धरायचं, पट्टी गुंडाळायची. गाठ मारताना उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. अकराही जणांना वीस मिनिटांत जमलं. वॉर्डातल्या शिकाऊ मुलींना आठवडा लागायचा. मुलांनी माझं नाव पट्टीआजी ठेवलंय.

१३ सप्टेंबर, मंगळवार

पाकीट बोलतं!

दहा मिनिटांच्या बैठकीत मी मुद्दाम तिच्या झाडामागून गेले. मला झाडातलं काही कळत नाही, मला औषधांच्या बाटल्या कळतात. पण हे झाड ओळखता येतं, साल निघून खोड पांढरं पडलंय आणि एक फांदी गुडघ्यासारखी वाकलीय. ती खोडाला गाल लावून बोलत होती. पुटपुटणं नाही, सरळ बोलणं. मध्येच थांबायची, ऐकायची, मग "हो, पण" असं म्हणायची. मी आणखी जवळ गेले, काटकी मोडली, आणि तिचं तोंड गपकन मिटलं.

धाकट्या बाईंना सांगितलं. त्यांना नवल नाही! म्हणाल्या, "मला माहितीय. तुम्ही ऐकू नका हं सिस्टर, ते तिचं आहे."

वर्षभर न बोलणारं मूल बोलतं, हे बाईंना माहीत, आणि त्यांनी आईवडिलांना सांगितलेलं नाही. का? कुठंतरी पाणी मुरतंय. शुक्रवारच्या टिपणात पहिला मुद्दा हाच.

२२ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी लवकर पोचले. अजून कुणी आलेलं नव्हतं. रानातून माळी बाहेर येताना दिसला. हा माणूस कधी नजर वर करून बोलत नाही. हातात झाकण लावलेला पत्र्याचा डबा होता. मला बघून त्यानं तो पाठीमागं धरला.

"इतक्या सकाळी?" मी विचारलं.

"साफसफाई, सिस्टरबाई."

नखांत लाल भरलं होतं. बोटांच्या सांध्यांवरही. रक्त वाळलं की काळपट होतं, हे लालभडक होतं, म्हणजे ताजं. म्हटलं, "हात दाखवा, लागलंय तुम्हाला." तर म्हणाला, काही नाही, आणि लंगडत निघून गेला. लंगडणं जुनं आहे, पण आज घाई होती.

जखम नसताना हाताला रक्त असेल तर ते दुसऱ्याचं असतं. ससा, पक्षी, काहीतरी मारत असणार. तेही जिथं मुलं खेळतात तिथं.

मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माळ्याचं राहू द्या. तो जुना माणूस आहे. तुम्ही वर्गाकडे लक्ष द्या." किती समजूतदार बाई. हाताखालच्या माणसाला सांभाळून घेतात.

२६ सप्टेंबर, सोमवार

दोन गोष्टी.

एक, मुलांच्या पाण्याच्या बाटल्या अकरा वाजताच रिकाम्या. अकराच्या अकरा. हवा थंड आहे, धावपळ नेहमीचीच. इतकी तहान कशी? सगळ्यांचं अंग तपासलं, ताप नाही. ओठ मात्र कोरडे. पाणी पिणाऱ्या मुलाचे ओठ कोरडे कसे?

दोन, माझ्या पेटीतून पट्टीचे दोन गुंडाळे, कापसाचा अर्धा पुडा आणि मलमाची एक नळी गायब. पेटी मी रानातल्या छपराखाली खांबापाशी ठेवते. तिथं येणारं-जाणारं मोठं माणूस एकच, धाकट्या बाई.

मी त्यांना सरळ विचारलं नाही. चोराला विचारून चोरी सापडत नसते. पण मलम आणि पट्ट्या कुणासाठी नेतात? घरी कुणी जखमी आहे? की रानात कुणी लपलंय?

२८ सप्टेंबर, बुधवार

पेटीला कुलूप घेतलं. किल्ली एप्रनच्या खिशात. आता बघू.

३० सप्टेंबर, शुक्रवार

शेपटीला माझा लळा लागलाय. काल आणि आज माझ्या मांडीवर येऊन बसली, एप्रनमध्ये तोंड खुपसून, दोन्ही हात खिशात. किती वेळ! एरवी ती वकिलाला सोडून राहत नाही, पण तो समोरच उभा राहून मला एकामागून एक प्रश्न विचारत होता. सुई लोखंडाची असते का? मेलेल्या माणसाला पट्टी बांधतात का? मी सगळ्यांची उत्तरं दिली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मुलं माझ्या हातातली सुई बघून पळायची. मांडीवर येऊन बसलेलं हे पहिलंच.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "खिसे तपास."

मत्सर, दुसरं काय.

३ ऑक्टोबर, सोमवार

कुलूप जागच्या जागी, आणि आणखी तीन गुंडाळे गेले. बाईंकडे दुसरी किल्ली आहे, याचा अर्थ एवढाच.

पण त्याहून भयंकर गोष्ट आज ऐकली. बैठकीनंतर वकील, शेपटी आणि आणखी दोघं घोळक्यानं बसले होते. मी छपराच्या खांबाआड होते. वकील बजावत होता, "कुणालाच सांगायचं नाही. आईला नाही, बाबांना नाही. कळलं तर तोडतील."

शेपटीनं विचारलं, "कशानं?"

"कुऱ्हाडीनं."

पाच वर्षांच्या मुलांना कुणीतरी धमकावलंय. हातपाय तोडू म्हणून.

४ ऑक्टोबर, मंगळवार

झोप नाही. ताईला विचारलं, मी उगाच तर नाही ना घाबरत?

"काविळीच्या माणसाला सगळं पिवळं दिसतं," ती म्हणाली. "त्या पोरीला, तुझ्या बाईला, एकदा समोर बसवून विचार ना."

ताईला माहीत नाही. मी कुणाला सांगितलेलं नाही, इथंही आज पहिल्यांदा लिहिते. नोकरीच्या नवव्या वर्षी एक मुलगा आला होता, हात मोडलेला. जिन्यावरून पडला, असं बाप म्हणाला. बाप फार छान बोलायचा, माझ्यासाठी खुर्ची ओढून द्यायचा. मला शंका आली होती. मी गप्प बसले, म्हटलं, आपण कोण? अडीच महिन्यांनी तो मुलगा पुन्हा आला. आणि यावेळी घरी परत गेला नाही.

तेव्हा कानाला खडा लावला. शंका आली की लिहायची आणि वर पाठवायची. चुकली तर माझी चूक, पण गप्प बसायचं नाही.

६ ऑक्टोबर, गुरुवार

वकिलाला बाजूला घेतलं. बिस्कीट दिलं. आवाज मऊ करून विचारलं, "राजा, कुणी तुम्हाला काही तोडायचं म्हणालं का?"

त्यानं बिस्कीट खाऊन संपवलं, तोंड पुसलं. "पट्टीआजी, तू कुणाच्या बाजूची?"

"तुमच्याच की!"

"मग तू शुक्रवारी मोठ्या बाईंना कागद का देतेस?"

पाच वर्षांच्या मुलाला हे कुणी शिकवलं? त्यांच्याच बाईंनी. माझ्याविरुद्ध मुलांचे कान भरलेत.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. पट्ट्या, पाणी, पाठ फिरवणं, बोलणारं पाकीट, धमकी. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी फक्त म्हणाल्या, "लेखी द्या. सविस्तर. खाली सही करा. 'रान मुलांसाठी असुरक्षित आहे' हे वाक्य मात्र नक्की असू द्या."

मी म्हटलं, माझा संशय रानावर नाही, माणसावर आहे.

"एकच की ते, सिस्टर. रान नसतं तर हे झालं असतं का?"

पटलं. सही केली. निघताना त्यांनी चहा मागवला, चांगल्या कपात.

११ ऑक्टोबर, मंगळवार

धाकट्या बाईंना कालपासून घरी बसवलंय, चौकशी होईपर्यंत. मुलं आता वर्गात. खिडक्या बंद, रंगीत खडू, बसायला गाद्या. सुरक्षित.

वकील दिवसभर एक शब्द बोलला नाही. शेपटी माझ्याकडे फिरकली नाही. पाकीट खिडकीच्या काचेला गाल लावून उभं. जेवायला ये म्हटलं तर तिनं माझा हात असा झटकला की नखं लागली. मग काचेवर कपाळ आपटायला लागली. जोरात नाही, पण थांबतही नव्हती. मी मध्ये तळहात धरला, तर तळहातावर आपटत राहिली.

बत्तीस वर्षांत मी हे पाहिलंय. ज्या मुलाला भेटीच्या वेळेनंतर आईपासून उचलून आणावं लागतं, ते असं करतं. सुटका झालेलं मूल असं करत नाही.

मग मी सोडवलं कुणाला, आणि कुणापासून?

१२ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी शाळा सुटल्यावर रानात एकटी गेले. पुरावा हवा होता. बाईंविरुद्धच हवा होता, हे खोटं का बोलू?

छपरापासून सुरुवात केली आणि झाडामागून झाड बघत गेले. पाकिटाच्या झाडापाशी पोचले तेव्हा आधी कळेना काय बघतेय. खोडाला पट्टी बांधली होती. माझ्या गुडघ्याच्या वरून माझ्या कमरेपर्यंत, म्हणजे त्यांचे हात पोचतात तेवढी. वेडीवाकडी, सात-आठ वेढे, मध्ये कापूस, कडेनं मलम ओघळून वाळलेलं. गाठ मात्र पक्की. उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर. मुळाशी माती ओलीचिंब, तिच्यावर लहान बुटांचे ठसे आणि एक विसरलेलं बाटलीचं झाकण.

अशी तीन झाडं.

मी गुडघे टेकून गाठ सोडवली. खाली लालभडक फुली होती. रंगाची. अजून चिकट, वासही येत होता.

पहिलं सुचलं ते सांगते. मी बोटानं ती फुली दाबली, रक्त आहे का बघायला. मी, बत्तीस वर्षं नोकरी केलेली.

मग दोरी ओलांडून पलीकडे गेले. रस्त्याच्या बाजूला आणखी फुल्या होत्या. एक, दोन, मोजत गेले. अकरा. तिथल्या एकाही झाडाला पट्टी नव्हती. मुलांनी दोरी ओलांडली नव्हती. एवढं सगळं लपवलं पोरांनी, पण सांगितलेला नियम मोडला नाही.

माळ्याच्या नखांतलं लाल काय होतं, ते तिथं उभी असताना कळलं. ताईला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

पट्टी पुन्हा बांधली. होती तशीच, वेडीवाकडी.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

माळ्याला गाठलं. या खेपेला त्यानं मान वर केली.

"मला काय सांगता, सिस्टरबाई? मोठ्या बाईंनी नकाशा दिला, खुणा करायला सांगितलं, तोंड बंद ठेवायला सांगितलं. रस्त्याकडून गाड्या आत यायला वाट आणि नवी इमारत, असा बेत आहे. त्या हरकती काढणाऱ्या पोरानं मला पकडलं, लाल का म्हणून. पोराशी खोटं बोलवेना. म्हटलं, ज्याला लाल ते तोडायचं. कुणाला सांगू नका रे, माझी नोकरी जाईल."

"मग त्यांनी पट्टी का बांधली?"

"लहानी म्हणाली, रक्त आलंय. तो मोठा म्हणाला, रंग आहे, पण पट्टीनं झाकला तर कापणाऱ्याला दिसणार नाही. दोघांचं आपापल्या परीनं बरोबरच होतं की."

मग म्हणाला, "पालक रान सोडायला तयार नव्हते. मुलं खूश होती ना. रानात धोका आहे असं दाखवल्याशिवाय शाळेची समिती हो म्हणणार नव्हती. तुमचा कागद त्यासाठीच हवा होता. शनिवारच्या सभेत वाचणार आहेत."

संध्याकाळी धाकट्या बाईंच्या घरी गेले. एक खोली, खाटेवर पेट्या. सामान बांधायला घेतलं होतं. बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. फुल्यांचं ऐकून त्या मटकन पेटीवर बसल्या. दोरीपलीकडे त्या महिनाभर गेल्याच नव्हत्या, आणि अलीकडच्या फुल्या पट्टीखाली होत्या.

"पण झाडांना पट्ट्या बांधलेल्या तुम्हाला दिसल्या असतील," मी म्हटलं. "विचारलं नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हीच दिल्या." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "मी घरी येऊन आईला फोन केला होता. म्हटलं, आमच्या सिस्टर वरून कडक आहेत, पण मुलांना झाडांसाठी पट्ट्या देतात. किती छान वाटलं होतं मला."

जिना उतरताना आठवलं. शेपटीचे दोन्ही हात खिशात. म्हणजे तो लळा नव्हता. एवढं सगळं झाल्यावर हेच सगळ्यात जास्त का लागावं, कळत नाही.

१५ ऑक्टोबर, शनिवार

सभा झाली. वीस-बावीस पालक लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसलेले. समितीची तीन माणसं मोठ्या खुर्च्यांवर.

मोठ्या बाईंनी माझा कागद वाचला. आवाज छान आहे त्यांचा. माझी वाक्यं माझ्याच कानांना खरी वाटायला लागली. "मुले सतत तहानलेली", "औषधांची चोरी", "कुऱ्हाडीची धमकी". एक आई रडायला लागली. पाकिटाच्या आईनं विचारलं, "माझी मुलगी तिथं बोलते? मला कुणी सांगितलं का नाही?"

मी उठले.

"कागद माझा आहे. सही माझी आहे. त्यातली प्रत्येक गोष्ट मी पाहिलीय. आणि प्रत्येकीचा अर्थ मी चुकीचा लावलाय."

मोठ्या बाई म्हणाल्या, "सिस्टर थकल्यात. वयही झालंय. कुणीतरी पाणी द्या त्यांना."

"पाणी नको. पाणी कुठं गेलं तेच सांगतेय."

मग सांगितलं. पाणी मुळांना घातलं. चोरी मुलांनी केली, आणि बांधायला मीच शिकवलं होतं. कुऱ्हाड त्यांच्यासाठी नव्हती. ती कुणासाठी आहे ते मोठ्या बाईंच्या कपाटातल्या नकाशात आहे, काढा म्हणावं. माळ्याचं नाव मी घेतलं नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या फुल्या तेवढ्या सांगितल्या.

वकिलाचे वडील बस दुरुस्त करतात. ते उठले आणि म्हणाले, "चला, बघूनच येऊ." झाडून सगळे निघाले. समितीची माणसंसुद्धा, चांगल्या बुटांतली. पट्टी बांधलेल्या झाडापाशी सगळे थांबले. पाकिटाच्या आईनं पट्टीवर हात ठेवला आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं, ते मी ठरवायला जात नाही. माझं ठरवणं आता बास.

निकाल असा: धाकट्या बाई परत. रानाचा वर्ग चालू. इमारत लहान होणार, पण वाट होणारच, त्यात पालकांचीही मतं फुटली. चौदाऐवजी सहा झाडं जाणार. त्यांतली पाच रस्त्याकडची.

सहावं दोरीच्या अलीकडचं आहे. पांढऱ्या खोडाचं.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

धाकट्या बाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. बरोबर आहे. आज म्हणाल्या, "उद्या तोडायला येणार आहेत. मुलांना तुम्ही सांगा."

"मी?"

"तुम्हीच."

छपराखाली सगळी बसली. मी सांगितलं. सहा झाडं जाणार. त्यातलं इथलं एक. कुठलं, तेही सांगितलं, बोट दाखवून. घुमवून-फिरवून बोलले नाही.

वकील उभा राहिला. "पण आम्ही पट्टी बांधली होती."

"हो. चांगली बांधली होती."

"मग?"

"चांगली बांधली तरी कधी कधी उपयोग होत नाही."

त्यानं यावर हरकत घेतली नाही. मग विचारलं, "त्याला दुखेल का?"

सुई टोचण्याआधी मी हजारो मुलांना सांगत आले, मुंगी चावल्यासारखं होईल, बस. तेच ओठावर आलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."

"मग उद्या तू तिथं थांब. कुणीतरी थांबायला पाहिजे."

थांबेन म्हटलं.

साडेदहाला धाकट्या बाईंनी टाळी वाजवली. मुलं आपापल्या झाडांकडे गेली. पाकीट सगळ्यात शेवटी उठलं. ती पांढऱ्या खोडापाशी गेली, गाल टेकवला, दोन्ही हात पसरून धरले. ओठ हलायला लागले. मी तिच्यापासून पाच पावलांवर होते, शब्द सुरू झालेले कानावर येत होते.

मी उठले आणि चालत दोरीपर्यंत गेले. तिथून ती दिसत होती. ऐकू येत नव्हतं. दहा मिनिटं झाल्यावरही बाईंनी टाळी वाजवली नाही, वीस झाली तरी नाही. तिचं बोलणं चालूच होतं. मग मी रस्त्याकडे तोंड केलं.

२४ ऑक्टोबर, सोमवार

शनिवारी गेले होते. सकाळी सात ते सव्वासात, एवढाच वेळ लागला. शेवटपर्यंत थांबले.

आज मुलं आली. वकिलानं फक्त विचारलं, "होतीस?" म्हटलं, होते. त्यानं मान हलवली. शेपटी त्याच्या मागे होती. पाकीट बुंध्याजवळ गेलं, भोवती एक फेरी मारली, बसलं नाही. मग छपराजवळच्या एका बारक्या झाडापाशी जाऊन उभं राहिलं. हात लावला नाही, बोललं नाही. नुसतं उभं.

दुपारी कार्यालयातला लिपिक आला. समितीला अहवाल हवाय म्हणे, झाड तोडण्याआधी मुलांची मनःस्थिती काय होती. "ती न बोलणारी मुलगी शुक्रवारी झाडाशी बराच वेळ बोलली, असं कळलं. तुम्ही तिथंच होतात. काय बोलली, तेवढं लेखी द्या."

मी म्हटलं, "मी ऐकलं नाही."

"काहीच?"

"काहीच नाही."

त्यानं माझ्याकडे संशयानं बघितलं. मग कोरा कागद माझ्या टेबलावर ठेवला, आठवलं तर लिहा म्हणाला, आणि गेला.

तो कागद शेपटीला दिला, चित्र काढायला.